सुट्या भागांसह

लिलावाच्या आदल्या दिवशी माल पाहण्यासाठी खुला ठेवतात. त्या दिवशी मित्राच्या आग्रहावरून मी त्याच्याबरोबर इंग्लंडमधल्या एका लिलावगृहाच्या शेडमध्ये गेलो होतो, आणि ज्या गाडीसाठी गेलो तिच्यापेक्षा अधिक वेळ तिच्याशेजारी मांडलेल्या डब्यांपाशी रेंगाळलो. गाडी होती १९६३ सालची जॅग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. उघड्या टपाची, डावीकडे स्टिअरिंग असलेली, मूळ रंग खरवडून तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारलेली आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली. कॅटलॉगमध्ये तिचे वर्णन ‘पुनर्बांधणीसाठी योग्य, सुट्या भागांसह’ इतक्या आटोपशीर शब्दांत उरकले होते. हे सुटे भाग पत्र्याच्या जुन्या डब्यांत भरलेले होते आणि प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून निळ्या शाईने लिहिलेले होते. ‘डावे दार, आतली कडी, वरचे दोन स्क्रू लांब आहेत.’ खाली तारीख, १९८९ च्या जूनमधली. पुढच्या डब्यांवरही तसेच. कुठे बारीक आकृती काढलेली, कुठे वॉशर कोणत्या बाजूला बसतो त्याचा बाण. १९९० च्या तारखांचे अक्षर किंचित तिरपे आणि घाईचे झालेले दिसले. १९९१ च्या सुरुवातीनंतर तारखा थांबल्या, मग मजकूर एका शब्दावर आला, मग पट्ट्याही संपल्या. शेवटच्या लाकडी खोक्यात नट, बोल्ट, स्प्रिंगा, नळ्यांचे तुकडे आणि मळकट रबरी चकत्या एकत्र ओतलेल्या होत्या, त्यांना जुन्या ग्रीसचा आंबूस वास येत होता.

मित्र तोवर गाडीखाली टॉर्च घेऊन शिरला होता. त्याला सिलचा, म्हणजे दारांखालच्या पोकळ पेट्यांचा, पत्रा पाहायचा होता. मला मात्र वाटत राहिले की या गाडीचा खरा तपासणी अहवाल त्या पट्ट्यांवर लिहिलेला आहे, आणि लिहिणाऱ्याला तो आपण लिहीत आहोत याची कल्पनाही नसावी. गाडी उकलणे हे काम कोणालाही जमते, त्यात एक प्रकारची वेगाची नशाही असते. रोज संध्याकाळी काहीतरी सुटे झालेले दिसते आणि काम पुढे सरकल्यासारखे वाटते. उकलून संपल्यावर जो काळ सुरू होतो त्यात महिनोन्महिने काहीच दिसत नाही. पत्रा कापायचा, नवा तुकडा घडवायचा, तो बसत नाही म्हणून पुन्हा कापायचा. पुष्कळ गाड्या नेमक्या या वळणावर थांबतात, आणि मग कोणत्यातरी वर्षी कॅटलॉगमध्ये येतात.

तारखांना आणखी एक संदर्भ होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या किमती शेअरसारख्या चढल्या होत्या, आणि ज्यांनी कधी पाना हातात धरला नव्हता त्यांनीही अमेरिकेत पाठवलेल्या ब्रिटिश गाड्या परत मागवून घेतल्या होत्या. ई-टाइपचा बहुतांश माल मुळात अमेरिकेतच गेला होता, त्यामुळे तिकडून आणायला गाड्यांची वानवा नव्हती. १९९० नंतर तो फुगा फुटला. ज्या गाडीवर आणखी तेवढाच खर्च करायचा आणि शेवटी निम्मेच हाती यायचे, तिच्यापुढे बसून बोल्ट साफ करण्याचा उत्साह किती दिवस टिकणार? या गृहस्थाचे थांबण्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही. आजारपण, घटस्फोट, बदली, काहीही असू शकते. पण डावीकडचे स्टिअरिंग, १९८९ ची सुरुवात आणि १९९१ चा शेवट हे तिन्ही एकत्र ठेवले की अंदाज बांधण्याचा मोह आवरत नाही.

मी गाडीकडे वळलो.

अशी गाडी तपासताना प्रथम हात खिशात ठेवून लांबून पाहावे, या मताचा मी आहे. ई-टाइपच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे, कारण तिचा आकार ज्याने ठरवला तो माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून मोटारींकडे आलेला होता आणि वक्ररेषा गणिताने काढत असे. नाकापासून शेपटापर्यंत एकच ओघ आहे. त्यात कुठे खोट आली तर मोजपट्टीआधी डोळ्याला कळते. या गाडीत दाराच्या मागच्या फटीपाशी नजर अडखळली. फट खाली बोटभर रुंद होती आणि वर जाताना चिंचोळी होत जवळजवळ मिटली होती. टप नसलेल्या गाडीत दोन्ही बाजूंचे सिल हे गाडीचा कणा असतात. ते आतून कुजले की गाडी मधोमध खचते आणि दाराच्या चौकटीचा वरचा भाग आवळतो. याहून वाईट शक्यताही असते. आधीच खचलेल्या अवस्थेत कोणीतरी नवे सिल वेल्ड करून टाकले असतील, तर ती खोट आता पक्की झालेली असते आणि नवे सिल कापून काढल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

मित्राने दाराचे टोक धरून उचलून पाहिले, कारण फट चुकण्याचा दोष कधीकधी झिजलेल्या बिजागरीचाही असतो. दार हलले नाही. मग सिलच्या खालच्या बाजूला पाणी निथळण्यासाठी ठेवलेल्या भोकात करंगळी घालून त्याने आतली कड चाचपली आणि काही न बोलता मला खुणेने बोलावले. माझ्या बोटालाही दोन कडा लागल्या, एक गुळगुळीत आणि तिच्या आत दुसरी, खरखरीत, पापुद्रे सुटलेली. जुना कुजका पत्रा तसाच ठेवून त्यावर नवा पत्रा चढवला होता. बोट बाहेर काढले तेव्हा नखात तपकिरी भुकटी भरलेली होती. या एका भोकाने जे सांगितले ते कॅटलॉगमधल्या चकचकीत छायाचित्रांनी सांगितले नव्हते, आणि सांगण्याची त्यांच्याकडून अपेक्षाही करू नये. लिलावात वस्तू ‘आहे तशी, आहे तेथे’ विकली जाते. पाहण्याची संधी दिली होती, पाहिले नाही तर तो घेणाऱ्याचा प्रश्न.

पत्रा तपासायला बहुतेकजण लोहचुंबक घेऊन येतात. त्या दिवशीही एक गृहस्थ फडक्यात गुंडाळलेला चुंबक गाडीच्या मागच्या पंखांवरून, म्हणजे चाकांवरच्या पत्र्यावरून, फिरवत होते आणि तो जिथे घसरेल तिथे मान हलवत होते. मला त्यांना अडवावेसे वाटले, पण परक्या माणसाच्या हिशेबात तोंड घालू नये. अडचण अशी की चुंबक खड्डे भरायच्या पुट्टीवरून घसरतो तसाच शिशावरूनही घसरतो, आणि या गाड्या कारखान्यातच पत्र्याचे लहान लहान तुकडे जोडून घडवलेल्या होत्या. सांधे झाकण्यासाठी त्यांवर शिसे वितळवून भरत आणि कानशीने घासून गुळगुळीत करत. म्हणजे चुंबक जिथे घसरतो ती जागा एखाद्या भुरट्या दुरुस्तीची असेल किंवा साठ वर्षांपूर्वीच्या कसबी कारागिराच्या हातची असेल. प्रायमर उडालेल्या जागी नखाने ओरखडा काढला की उलगडा होतो. पुट्टीची पिठासारखी भुकटी येते, शिशावर मात्र चांदीसारखी चमकती रेघ उमटते. मागच्या पंखाच्या सांध्यावर मी ओरखडा काढला आणि ती रेघ उमटली तेव्हा, सिलच्या अनुभवानंतर, मला फार बरे वाटले. तेवढ्या वितीभर जागेत गाडी कारखान्यातून आली तशी होती.

तांबड्या प्रायमरबद्दल मात्र वाईट बोलणे भाग आहे. अर्धवट सोडलेल्या गाड्यांवर तो हमखास दिसतो आणि पाहणाऱ्याला ‘चला, गंजापासून तरी वाचली’ असा दिलासा देतो. प्रायमर सच्छिद्र असतो. त्यावर रंगाचा थर चढला नाही तर तो ओल शोषून घेतो आणि पत्र्यापर्यंत पोहोचवतो. तीस वर्षे निव्वळ प्रायमरवर उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा जुन्या, भेगाळलेल्या, पण मूळ रंगातली गाडी मला केव्हाही अधिक विश्वासाची वाटते. तिचे दुखणे उघड असते. अर्धवट शिवलेला कपडा दुसऱ्या शिंप्याकडे नेला की तो आधी सगळी उसवण करायला घेतो, तसेच इथेही होते. आधीच्या माणसाने केलेले काम हे पुढच्याच्या दृष्टीने क्वचितच जमेत धरता येते, बहुधा ते खर्चाच्या बाजूलाच मांडावे लागते. ‘निम्मे काम झालेले आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच मला धास्ती घालते.

यानंतर आम्ही पुढचा भाग पाहिला, आणि माझ्या मते या गाडीची सगळ्यात रंजक गोष्ट तिथे आहे. ई-टाइपचा मधला भाग हा पत्र्याची सलग पेटी आहे, पण इंजिन आणि पुढची चाके ज्यावर बसतात तो सांगाडा वेगळा, चौकोनी पोलादी नळ्यांचा, पितळी झाळ देऊन जोडलेला आणि पेटीला बोल्टने आवळलेला असतो. या नळ्या आतून गंजतात. बाहेरून काळा रंग शाबूत असतो आणि आत कागदाएवढी जाडी उरलेली असते. त्यांची डागडुजी करू नये, बदलाव्यात, असेच जाणकार सांगतात. एवढ्या पातळ नळीवर वेल्डिंगची धग लागली की शेजारची जागा कमकुवत होते. आणि गाडीचा चासी क्रमांक नेमका कुठे कोरलेला असतो, तर याच सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पट्टीवर, शॉक ॲब्झॉर्बरच्या बैठकीच्या वर. ज्या भागाला बदलण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच भागावर गाडीची ओळख.

मित्राने वायरब्रशने हलकेच घासून आकडे वाचले. ८७५००१ पासून सुरू होणारी मालिका ही डावीकडे स्टिअरिंग असलेल्या उघड्या गाड्यांची. आकडा त्या मालिकेतला होता. इंजिन शेजारच्या पॅलेटवर होते. ब्लॉकवरचा आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकावरचा क्रमांक एकमेकांशी जुळला, आणि दोन्ही जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्याशी जुळले. या दाखल्यात कारखान्याच्या नोंदवहीतून गाडीचे मूळ क्रमांक, मूळ रंग, आतल्या चामड्याचा रंग, बांधणीची आणि रवानगीची तारीख दिलेली असते. आमचे चेहरे उजळले हे मी कबूल करतो. लगेच मनात आले की आपण ज्याच्यावर इतके खूश झालो ते काही आकडे आहेत. इंजिन फिरते की नाही हे अजून पाहिलेले नाही. क्रँकशाफ्टच्या टोकाला पाना लावून फिरवून पाहू द्यावे, अशी विनंती केली असता तेथील कर्मचाऱ्याने सौजन्याने नकार दिला. नियमाप्रमाणे तो योग्यच होता. जे तपासू दिले जात नाही ते नादुरुस्त धरून चालावे. इंजिन जाम आहे, ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या गेल्या आहेत, असे समजूनच हिशेब करावा.

आकड्यांचे हे वेड हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे येथील लिलावात १९५४ ची एक फेरारी ५०० मोंडियाल १८ लाख ७५ हजार डॉलरना गेली. साठच्या दशकात अपघातात जळून चुरगळलेला तिचा सांगाडा तेव्हापासून तसाच पडून होता. तिला चाके लावून ढकलणेही शक्य नव्हते. घेणाऱ्याने विकत घेतला तो त्या सांगाड्यावरचा क्रमांक, म्हणजे नव्या गाडीला खरी म्हणवून घेण्याचा हक्क. रुपयांच्या किंवा पौंडांच्या हिशेबाने हे मोजण्यात अर्थ नाही, कारण तिथे लोखंडाची किंमत झालीच नव्हती. याच प्रश्नावर १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खटला चालला होता. १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे फ्रान्समधली ल मॉंची शर्यत जिंकलेली बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’, एक कोटी पौंडांना विकायचे ठरले होते आणि घेणाऱ्याचे म्हणणे होते की यात मूळ गाडीचे जवळजवळ काही उरलेलेच नाही. ते खरे होते. शर्यतीच्या काळातच तिचे भाग बदलत गेले होते, पुढे ब्रुकलँड्‌सच्या शर्यतपथावरील अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली होती. तरीही न्यायाधीशांनी ती खरी ठरवली, कारण तिचे अस्तित्व मध्ये कुठेही खंडित झाले नव्हते आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती. मला हा निकाल पटतो, आणि तरी तो वाचताना प्रत्येक वेळी जरा अस्वस्थ वाटते. सलग इतिहास असेल तर लोखंड बदलले तरी चालते, हे मान्य केले की मग मागच्या पंखावरच्या त्या शिशाच्या रेघेचा आनंद कशाचा होता?

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने बराच काळ याचे उत्तर गुण देऊन काढले. मूळ स्वरूप बदललेल्या गाडीने जुना नोंदणी क्रमांक टिकवण्यासाठी आठ गुण मिळवायचे. चासीला किंवा सलग बांधणीच्या पेटीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. आम्ही ज्या इंजिनाच्या क्रमांकावर इतके हुरळलो होतो त्याला सरकारी खात्यात सर्वांत कमी मोल! बाजारात नेमके उलटे आहे. मूळ इंजिन नसलेल्या ई-टाइपची किंमत झटकन खाली येते, आणि बदललेल्या सिलबद्दल कोणी विचारतही नाही.

खर्चाचा हिशेब आम्ही बाहेर गाडीत बसून केला. हातोडा पडतो तो आकडा ही केवळ सुरुवात असते. समजा ४०,००० पौंडांवर हातोडा पडला आणि लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन १५ टक्के असले, तर ६,००० पौंड त्याचे, त्यावर २० टक्के व्हॅटचे १,२०० पौंड, म्हणजे गाडी दारातून बाहेर पडण्याआधीच ४७,२०० पौंड झाले. पुढे पत्रेकाम, सांगाडा, इंजिन, क्रोम, रंग, चामडे. यातले भाग हा त्रासाचा विषय नाही. ई-टाइप मोठ्या संख्येने बनली, सत्तर हजारांहून अधिक, आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. हरवलेल्या स्क्रूमुळे ही गाडी अडत नाही, दुर्मीळ गाडी अडते. इथे अडते ते मजुरीवर. पट्टीच्या कारागिरांकडूनही अशा गाडीला हजार-दीड हजार तास सहज लागतात, आणि त्यांतले बरेचसे फटी जुळवण्यात जातात. एकट्या बॉनेटचेच पाहा. दारांच्या पुढचा जवळजवळ सगळा देह म्हणजे ते बॉनेट, अनेक तुकडे आतल्या कडांना बोल्टने जोडून केलेले, नाकाशी बिजागरी असलेले. नवे घेतले तर हजारो पौंड मोजावे लागतात, आणि ते आणून ठेवल्यावर आपोआप बसत नाही. मागची पेटी आणि पुढचा सांगाडा यांच्यातली मिलिमीटरची चूकही बॉनेटच्या मागच्या फटीत येऊन उभी राहते. या गाडीचे बॉनेट शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेले होते. ते गाडीवर ठेवून का दाखवले नसेल, हे विचारायची गरज भासली नाही.

मग काहीही दुरुस्त न करता ती तशीच ठेवावी का, असे मित्राने अर्धवट चेष्टेने विचारले. हल्ली तसे करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला आवडते. इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या माजोरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये वर काढलेली १९२५ ची बुगाटी ब्रेशिया जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरोंना विकली गेली आणि घेणाऱ्याने तिला हात न लावता, गंजलेली, एका बाजूने जवळजवळ विरघळलेली, तशीच आपल्या संग्रहालयात ठेवली. त्या गाडीला काही सांगायचे आहे. पाण्याने तिचे जे केले ते एकसंध आहे. आमच्या ई-टाइपचे तसे नव्हते. तिचा जुना रंग कोणीतरी खरवडून टाकला होता, चामडे फेकून दिले होते, सिलवर सिल चढवले होते. जपून ठेवावी अशी अवस्था तिच्यात उरली नव्हती आणि चालवावी अशी अजून आली नव्हती. अशा गाडीला पुढे जाण्याखेरीज मार्ग नसतो. म्हणूनच कदाचित अर्धवट सोडलेल्या गाड्या अस्पर्श गंजलेल्या गाड्यांपेक्षा स्वस्त जातात, आणि त्या तशाच जायला हव्यात.

दुसऱ्या दिवशी मित्राने ठरवलेल्या आकड्यापर्यंत बोली लावली आणि हात खाली घेतला. फोनवरून बोलणाऱ्या कोणीतरी त्याच्या बऱ्याच वर जाऊन गाडी घेतली. मित्राला हळहळ वाटली, मला थोडी सुटका, आणि त्या सुटकेचा थोडा संकोचही. घेणारा फसला, असे मी मानत नाही. त्याच्याकडे स्वतःचा कारखाना असेल, मजुरीचे तास त्याला मोजायचे नसतील, किंवा त्याने नुसता क्रमांक आणि दाखला पाहून पैसे दिले असतील आणि बाकीचे सगळे तो मोडीतच धरून चालला असेल. तशा हिशेबात तो आकडा बसू शकतो. मात्र फोनवरून बोली लावणाऱ्याने निथळीच्या भोकात बोट घातलेले नसते. त्याने कोणाला पाठवून ते करून घेतले असेल, अशी आशा आहे. नसेल, तर सर्वांत आधी त्याने दारे जागेवर बसवून चौकटीत आडवे-तिरपे पोलादी आधार टाकावेत, गाडीची खचलेली कंबर जॅकने हळूहळू उचलून फट वरपासून खालपर्यंत सारखी करून घ्यावी, आणि मगच ते दुहेरी सिल कापायला घ्यावेत, एका वेळी एकाच बाजूचे.